ज्या जाळीवर तू उभा राहिला नाहीस

सुपडू,

तुझ्या सुतकात मी तुझी हत्यारं बाहेर काढली. दहावा अजून व्हायचा होता, कोपऱ्यात तुझा दिवा तेवत होता, आणि मी, तुझी वहिनी, सत्तरी ओलांडलेली म्हातारी, पडवीत वाकून बारक्यावरचं, तुझ्या त्या जनरेटरवरचं, गोणपाट ओढत होते. तुझे दादा दारात उभे राहून म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोक विहिरीत पडले तर म्हणायला उरणार कोण?" ते दारातून बाजूला झाले. ते माझ्यासाठी कधी बाजूला होत नाहीत, तुला ठाऊक आहे. त्यावरून समज, माझं तोंड तेव्हा कसं दिसत असेल.

कसं घडलं ते सगळं तुला सांगायचं आहे. तू मधेच "वहिनी, आटप" म्हणू शकत नाहीस, ही तेवढी एक सोय.

पण मागून सुरुवात करते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू अर्ध्या चड्डीतला होतास, नाकाला कायम शेंबूड. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला तुझ्या नावाची गोष्ट सांगितली. तुझ्याआधीची दोन लेकरं राहिली नाहीत, म्हणून तू जन्मलास तसं तुला सुपात घातलं, शेजारणीच्या दारात नेऊन ठेवलं आणि ओंजळभर बाजरी देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. दुसऱ्याचं पोर आहे असं वाटून मरण वाट चुकतं म्हणे. आपल्या खान्देशात गावोगाव सुपडू आहेत, आणि सगळ्यांच्या आयांनी अशीच बाजरी मोजलेली आहे. पण त्या गोष्टीवर इतका पक्का विश्वास ठेवणारा सुपडू मी तू एकटाच पाहिला. अनवाणी वेल्डिंग करायचास. ओल्या जमिनीवर करायचास. तोंडापुढची काच शेतात विसरून आलास की डोळे बारीक करून करायचास. मी ओरडले की हसायचास, "माले काय व्हनार, वहिनी? माले सुपमा टाकेल शे!"

तुझ्या वाटणीची भीती कुणाला तरी वाटायलाच हवी होती. ती माझ्या वाट्याला आली.

आणि मी काय मोठी शहाणी होते का? तू मोठा होऊन दुकान घातलंस, तिथं मी पहिल्यांदा वेल्डिंगचा निळा उजेड पाहिला आणि पदर डोक्यावर घेऊन थेट चुलीपाशी पळाले. सासूबाईंना सांगितलं की भाऊजींनी वीज पकडली आहे. तू ते गावभर सांगितलंस. पुढे वीसएक वर्षं कुठेही वीज कडाडली की तू विचारायचास, "वहिनी, पकडू का?"

मग बारक्या आला. तोवर तू दुकानातच काम करायचास. पण शेतातलं काम दुकानात आणता येत नाही, आणि शेतातली वीज कधी येते ते तिचं तिलाच माहीत. म्हणून तू तो पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेतलास, जुना, कुण्या मंडपवाल्याचा, आणि सुटकेसएवढं वेल्डिंग मशीन. दोन्हींची जोडी म्हणजे शेळी नांगराला जुंपल्यासारखी. रॉड लोखंडाला टेकला की मशीन एकदम घोटभर वीज मागतं, आणि बारक्याचा जीव घशाशी येतो. आवाज खाली बसतो, दिवा मिणमिणतो, रॉड चिकटतो. तू त्यावर उपाय काढलास. रेस वाढवायच्या दांडीला सुतळी बांधलीस. ठिणगी पडायच्या क्षणी कुणीतरी सुतळी ओढायची, ठिणगी विझली की सोडायची. ओढायला उशीर झाला तर बारक्या बंद पडतो. सोडायला उशीर झाला तर वीज चढते आणि मशीन जळतं. असं म्हणायचास तू, आणि ते सांगून झाल्यावर सुतळी माझ्या हातात दिलीस. कारण माणसं तुझ्याकडे टिकत नव्हती, आणि तुझी बायको, वंदीची आई, जाऊन वर्षं झाली होती. घरात रिकामी मीच.

पन्नाशी उलटलेली बाई, आठवतं ना? मी लिंबाच्या झाडाआड बसले, सुतळी लांबलचक करून घेतली, आणि बारक्या फुटला तर आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून कानात कापूस घातला. तू मास्क घालून वाकलेला, मला काही ऐकू येत नाही, म्हणून तू सांगितलंस, हातोडीनं दोन ठोके दिले की ओढ, तीन दिले की बंद कर. मी कापूस काढला. डोळे मात्र मिटलेलेच. आणि शेजारच्या बांधावर एक म्हातारी दगडानं चिंचोके फोडत बसली होती, ते मला कुठे माहीत! टक टक झालं की मी ओढली. टक टक, ओढली. बारक्या नुसता बोंबलतोय, तू मास्क वर करून विचारतोयस, "वहिनी, कोणासाठी?" आणि ती म्हातारी घाबरून चिंचोके तिथंच टाकून पळाली. मी तुला त्या दिवशी तीन भाकरी जास्त वाढल्या, तू कुणाला सांगू नयेस म्हणून. तू भाकरी खाल्ल्यास आणि सांगितलंसही.

पण हात बसला, सुपडू. पुढे तर तू ठोका द्यायच्या आधीच मला कळायचं. तुझा खांदा थोडा खाली जायचा. तुझ्या श्वासावरून मी सुतळी ओढत होते म्हण ना. मला भीती रोज वाटायची, आणि तरी रविवारी काम नसलं की माझा उजवा हात चुळबुळायचा. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू तेही गावभर केलं असतंस.

आणि तुझी ती खोड. काम झालं की मालकाच्या हाती द्यायच्या आधी तू त्याच्यावर उभा राहायचास. फाटक असेल तर लोंबकळायचास, शिडी असेल तर शेवटच्या पायरीवर जाऊन एक उडी मारायचास. "आपण आधी उभं ऱ्हायचं, मग पैसे घ्यायचे." दर वेळी मला बोलवायचास, "वहिनी, ये की वर!" आणि दर वेळी मी म्हणायचे, मला माझी हाडं प्यारी आहेत. शेवटपर्यंत तू बोलावत राहिलास आणि शेवटपर्यंत मी आले नाही. आपला हा वाद तसाच राहिला.

मग तुझं शेवटचं काम, पारोळ्याच्या अलीकडे नानांच्या मळ्यातली जुनी विहीर. पाणी भरपूर, कठडा पडका. नातवंडं खेळायला येतात म्हणून नानांनी जाळी करायला सांगितली. अँगलची चौकट, आडव्या सळया. त्या दुपारी तू सगळ्या सळया जागेवर टाके मारून धरल्यास. टाका म्हणजे शिंप्याचा कच्चा टाका तसाच, वस्तू जागेवर राहावी म्हणून. पक्की शिवण नंतर. तेवढ्यात बारक्या तापला, वास यायला लागला. तू तीन ठोके दिलेस. मी बंद केला. तू मास्क काढलास, कपाळ पुसलंस आणि म्हणालास, "दम घेऊ दे त्याला. चहा पिऊ, मग शिवू."

चहा आला. तू विहिरीजवळच्या लिंबाखाली बसलास, मी बारक्यापाशी. मी काहीतरी बोलत होते, भरताच्या वांग्यांबद्दल. तू हूं म्हणत होतास. मग हूं म्हणेनास. मला वाटलं, माझ्या बडबडीला कंटाळला. मी आणखी थोडं बोलले, मुद्दाम, तुला चिडवायला. आणि मान वळवली.

पुढचं तुला माहीत नाही आणि मला लिहायचं नाही. एवढंच सांगते की बारक्या तेव्हा गार व्हायला लागला होता, त्याचं लोखंड टक, टक करत आखडत होतं, आणि माझा हात दोनदा सुतळीकडे गेला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नानांची सून भेटायला आली. घर भरलेलं. ती माझ्या शेजारी बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "काकू, भाऊ देवमाणूस. जाता जाता बठ्ठं काम करी गया, सगळं पुरं करून गेले."

मी विचारलं, "कोणतं काम?"

"जाळी ना. गड्यांनी दुसऱ्या दिवशी उचलून विहिरीवर बसवली. कशी छान बसली! आमचे नाना तर रोज सकाळी अंघोळ करून तिच्यावर मधोमध उभे राहतात, हळद-कुंकू वाहतात, फूल ठेवतात, भाऊंसाठी हात जोडतात. म्हणतात, शेवटलं काम शे त्यासनं, त्याले पाय लागू द्यायचा नाही कुणाचा. नातवंडांना लांबच ठेवतात. स्वतः तेवढे जातात, चपला काढून."

सुपडू, मला बायकांचं रडणं ऐकू येईनासं झालं. मला फक्त ते दिसायला लागलं: नाना, धिप्पाड माणूस, अनवाणी, डोळे मिटून, कच्च्या टाक्यांवर. खाली विहीर. तुझ्या नावानं हात जोडलेला माणूस तुझ्याच कामावरून खाली जातोय.

"ती पूर्ण झालेली नाही," मी म्हटलं.

सून समजूतदारपणे माझ्या हातावर थोपटायला लागली. दुःखात बाई काहीही बोलते, असं तिला वाटलं. मी पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाली, "काकू, आम्ही पाहिलंय ना. चारी बाजूंनी डाग लावलेले आहेत."

"डाग आहेत. शिवण नाही. तो तिच्यावर उभा राहिलेला नाही!"

ते वाक्य कुणालाच कळलं नाही. कळलं फक्त वंदीला. तुझी पोर धुळ्याहून आल्यापासून भिंतीला टेकून बसली होती. ती उठून माझ्यासमोर आली. "मोठी आई, बाबा उभे राहिले नव्हते?" म्हटलं, नाही. तिनं सुनेला तिथल्या तिथं घरी फोन लावायला सांगितला. फोन नानांनीच घेतला. म्हणाले, बरं बरं, नाही जात. त्यांचं ते बरं बरं मला ठाऊक आहे. देवाचं काम माणूस फोनवर सांगून थांबवत नाही.

दुसरा वेल्डर दोन दिवसांनी येतो म्हणाला, आणि त्याला वीज हवी. त्या विहिरीवर वीज नाही. वंदी म्हणाली, "रॉड मी धरते." तू तिला लग्नाआधी दुकानात शिकवलं होतंस, तिचा हात सरळ आहे, हे मला माहीत होतं. पण दुकानात भिंतीतली वीज. बारक्यावर तिनं कधी ठिणगी पाडलेली नाही. बारक्या मला माहीत होता, रॉड मला माहीत नव्हता. अर्धी विद्या तिच्याकडे, अर्धी माझ्याकडे, आणि जिथे दोन्ही एकत्र होत्या तो माणूस भिंतीवर फोटोत.

पहाट होताच रिक्षा टेम्पोत बारक्या चढवला. तुझे दादा आत गेले आणि पेट्रोलचा डबा घेऊन आले. माझ्याकडे न बघता टेम्पोत पुढे बसले. "मी फक्त सोबतीला," म्हणाले. सुतकातल्या माणसाला सोबत करायला कुठे मनाई आहे!

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन नुकतं कपाशीवर आलं होतं. आणि नाना जाळीवर. मधोमध. डोळे मिटलेले, हात जोडलेले, पायाशी झेंडू.

मला ओरडायचं होतं, पण ओरडलं की माणूस दचकतो. माझा आवाज असा निघाला की मीच ओळखला नाही, अगदी गोड. "नाना... अहो नाना. हलू नका. म्हणजे हला. हळू. काठाकडे या."

नानांनी एक डोळा उघडला. "अक्का? मी काय करी ऱ्हायनू, फूल ठेवस."

"ठेवा ना. पण इकडून ठेवा."

"अठे काय व्हनार? सुपडूभाऊनं काम शे!"

"म्हणूनच म्हणते," मी म्हटलं. "या ना माझ्याकडे. मला चक्कर येतेय." तेवढं खोटं नव्हतं.

म्हातारीला चक्कर येतेय म्हटल्यावर नाना धावले. अरे देवा, धावले! धिप्पाड माणूस जाळीवरून धपाधप पावलं टाकत माझ्याकडे. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नाना माझा दंड धरून उभे होते आणि म्हणत होते, पाणी आणा.

मग गड्यांनी जाळीला दोर बांधून ती विहिरीवरून ओढायला घेतली. नाना कुरकुरत होते, की हळदकुंकू सांडतंय. जाळी अर्धी जमिनीवर आली आणि मधली एक सळई, जिच्यावर झेंडू ठेवला होता तीच, खट् करून सुटली. खाली गेली. आम्ही सगळे ऐकत राहिलो. काहीच आवाज नाही. इतका वेळ काहीच आवाज नाही की वाटलं, विहिरीला तळच नाही. मग पाण्याचा आवाज आला, लांबून, कुणी विहिरीतून बोलल्यासारखा.

नाना खाली बसले. मातीतच. नंतर कितीतरी वेळ ते स्वतःच्या तळपायांकडे बघत होते.

मी तुला शिवी दिली, सुपडू. मनात, पण घाण. सुपात घातलेला म्हणे. तुझ्या आईनं तुझ्यासाठी बाजरी दिली. नानांसाठी कुणी दिली होती?

मग काम. मी वंदीला गोणपाटावर बसवलं, बूट घालायला लावले, तुझा तो मास्क तिच्या डोक्यावर सैल झाला म्हणून आत फडकं कोंबलं. तुला मी ह्यातलं एकही ऐकायला लावू शकले नाही. तिनं ऐकलं. पण तिनं दुकानातल्या सवयीनं जाड रॉड लावला, विजेचं बटण चढं ठेवलं आणि ठिणगी पाडली. बारक्यानं एक आचका दिला आणि मेला.

ती शांतता! तशीच. त्याच जागेवर, त्याच लिंबाखाली. दादा तिकडून म्हणाले, "बंद पडला का?" आणि मला वाटलं, पुन्हा तेच. ह्या जागी जे बंद पडतं ते पुन्हा सुरू होत नाही.

वंदीनं मास्क वर केला. "मोठी आई, मला नाही जमणार." मला म्हणायचं होतं, मलाही नाही, चल घरी. म्हटलं ते वेगळंच. "बारीक रॉड घे. बटण खाली उतरव. रॉड दाबू नको, काडी ओढल्यासारखा ओढ. एवढुसा शिव आणि थांब. आणि आधी दोन ठोके दे." माझ्या तोंडातून तू बोलत होतास. सुरू करायची दोरी ओढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बारक्या खोकला आणि सुरू झाला. दोनच मिनिटं त्याला रिकामा पळू दिला, ऊब येईपर्यंत. वंदीनं हातोडी उचलली.

टक टक.

सुपडू, तिचाही खांदा तसाच खाली जातो.

थोडं शिवून झालं की ती तीन ठोके द्यायची आणि मी बंद करायचे, त्याला दम म्हणून. कामाला मी भीत नव्हते, त्या थांबण्याला भीत होते. वंदी लिंबाकडे जायला लागली तर मी ओरडले, "तिथं नाही! माझ्यापाशी बस." ती बसली, घामेजलेली, गप्प. म्हटलं, "बोल." म्हणाली, "काय बोलू?" म्हटलं, "काहीही. धुळ्यात वांगी कशी दिली ते सांग. बारक्या गार होईस्तोवर गप्प बसायचं नाही." पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला कळलं. आणि ती बोलायला लागली, वांगी, शेजारीण, नवऱ्याचं घोरणं, जे सुचेल ते, दर वेळी, बारक्या गार होईपर्यंत. मधे रडत होती, पण बोलणं थांबवलं नाही. दादाही येऊन बसले आणि काय बोलावं न सुचून त्यांनी आम्हाला शाळेतला पाढा म्हणून दाखवला.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा शेवटची शिवण झाली, सुटलेल्या सळईच्या जागी नवी घालून. वंदीनं शिवणीवरच्या जळक्या खपल्या ठोकून काढल्या. खाली शिवण चकाकत होती, तुझ्याइतकी सरळ नाही. तुझीही सुरुवातीला नव्हती. जाळी पुन्हा विहिरीवर बसवली. आणि वंदी बूट काढून काठावर गेली.

"काय करतेस?"

"उभी राहते. बाबा राहायचे."

पाय पुढे टाकला आणि ती मधोमध जाऊन उभी राहिली. तुझ्यासारखी. एक उडी मारली. जाळी घुमली. माझं काळीज कुठे गेलं ते मला अजून सापडलेलं नाही. आणि तिथं उभं राहून त्या पोरीनं, जिला हे कुणी शिकवलं नव्हतं, माझ्याकडे हात केला.

"मोठी आई, ये की वर."

इतकी वर्षं मी तुला नाही म्हटलं. प्रत्येक फाटकाला, प्रत्येक शिडीला. त्या दिवशीही नाहीच म्हणणार होते. पण नाना बघत होते, पांढरे पडलेले, आणि मला कळलं की मी गेले नाही तर हा माणूस पुन्हा कधी ह्या विहिरीजवळ येणार नाही. नातवंडांनाही येऊ देणार नाही. तुझं काम तसंच पडून राहील.

गेले, सुपडू. पदर खोचून, वंदीचा हात दोन्ही हातांनी धरून, एकेक सळई पायानं चाचपत. सळयांमधून खाली पाणी दिसत होतं, आणि पाण्यात एक म्हातारी, पाय फाकवून, तोंड वासून, अगदी त्या चिंचोकेवालीसारखी. मी थरथरत होते, आणि जाळी मला धरून होती.

नानांनी लांबून विचारलं, "अक्का, फूल ठेवू का आता?"

"ठेवा," मी म्हटलं. "पण मी उतरल्यावर. आणि काठावरून."

तू असतास तर म्हणाला असतास, वहिनी, नुसतं उभं राहून काय, उडी मार. म्हणालास असं मला वाटलं, म्हणून मी मारली. म्हातारीची उडी, चिमणीएवढी, एक पाय तर उचललाच गेला नाही. जाळी हलली नाही.

बारक्या पडवीत आहे, गोणपाटाखाली. दहाव्याला तुझा पिंड ठेवला तेव्हा कावळा लगेच शिवला. दादांना त्याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं.